रुळांवरची यारी

रेल्वेचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य हमखास असते : "क्रेनच्या साहाय्याने घसरलेले डबे हटविण्यात आले असून वाहतूक पूर्ववत सुरू झाली आहे." मृतांची संख्या, मंत्र्यांची भेट, चौकशीची घोषणा हे सर्व वाचून झाल्यावर या वाक्यापर्यंत येणारा वाचक विरळा, आणि आलाच तर ती क्रेन कोठून आली, कोणी आणली, कशी चालविली, असा प्रश्न त्याला पडत नाही. प्रस्तुत लेख त्या एका वाक्याविषयी आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात यंत्राविषयीचा लेख कशाला, अशी शंका काही मित्र घेतील. तिचे उत्तर सोपे आहे. आपण इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती शिकतो, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचे वर्णन परीक्षेत लिहितो. पण ती गाडी पडली तर उचलायची कोणी, हा प्रश्न कोणत्याच क्रमिक पुस्तकात नाही. वाहतुकीचा इतिहास हा धावणाऱ्या गाड्यांइतकाच थांबलेल्या गाड्यांचाही इतिहास असतो. आणखी एक गोष्ट मराठीची. क्रेनला आपल्या पारिभाषिक मराठीत 'यारी' असा छान, आटोपशीर शब्द आहे. तो बोलण्यात रुजला नाही, कारण 'यारी' म्हटले की आपल्याला दोस्तीच आठवते. रेल्वेतली माणसे तर सरळ 'क्रेन' म्हणतात. मी या लेखात दोन्ही शब्द वापरणार आहे.

यारी येण्यापूर्वी घसरलेली गाडी रुळावर आणण्याची साधने शेतकऱ्याच्या खळ्यातली वाटावीत इतकी साधी होती : स्क्रूचा जॅक, पहार, लाकडी ठोकळे, साखळदंड आणि पुष्कळ माणसे. चाक रुळाच्या बाजूला उतरले असेल तर त्याच्यापुढे लोखंडी उतरण ठेवायची आणि दुसऱ्या इंजिनाने गाडी हळूच ओढायची. चाक उतरणीवर चढते आणि आपल्या वजनानेच रुळावर बसते. ही युक्ती आजही जिवंत आहे. एखाद्या वाघिणीची दोन चाके यार्डात घसरली तर कोणी क्रेन बोलावीत नाही. जॅक लावूनच काम उरकतात. मात्र आताचे जॅक द्रवाच्या दाबावर चालणारे असतात आणि त्यांच्या तुळया हलक्या धातूच्या.

हाताने फिरवायच्या याऱ्याही पूर्वीपासून होत्या. दंतचक्रांना जोडलेले हँडल चार-सहा गडी फिरवीत आणि काही टनांचे ओझे इंचाइंचाने वर जाई. इंजिने लहान होती तोवर हे भागले. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनांची वजने वाढत गेली, मार्गांवरची गर्दी वाढली, आणि एक मार्ग दिवसभर बंद राहणे म्हणजे कंपनीचे फार मोठे नुकसान होऊ लागले. त्यामुळे १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये वाफेवर चालणारी अपघात-यारी आली. तिच्या जन्मामागे माणुसकी किती आणि नफ्यातोट्याचा हिशेब किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. माझ्या मते हिशेबाचा वाटा मोठा होता.

या याऱ्या बनविणारे कारखाने मोजकेच होते. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ कार्लाइल नावाचे गाव आहे. तेथील काउअन्स शेल्डन हा कारखाना १८४६ मध्ये निघाला. पूर्वेकडे इप्सविच येथे १८६९ मध्ये रॅन्सम्स अँड रेपियर ही कंपनी स्थापन झाली. मँचेस्टरचे क्रेव्हन ब्रदर्स, बाथचे स्टॉथर्ट अँड पिट हेही या धंद्यात होते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बे सिटी येथील 'इंडस्ट्रियल वर्क्स' आणि क्लीव्हलंडची 'ब्राउन हॉइस्टिंग' या दोन कंपन्या १९२७ मध्ये एक झाल्या व 'इंडस्ट्रियल ब्राउनहॉइस्ट' हे नाव रूढ झाले. अमेरिकन रेल्वेकामगार या अवजड यंत्राला 'बिग हूक', म्हणजे मोठा आकडा म्हणत. काउअन्स शेल्डनच्या याऱ्या हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांकडेही आल्या.

वाफेची यारी लांबून पाहिली तर एखादे इंजिन आणि विहिरीवरची मोट यांची सांगड घातल्यासारखी दिसते. खाली चाकांवरची भक्कम लोखंडी गाडी. तिच्यावर गोल कड्यावर फिरणारा मंच. मंचाच्या पुढच्या बाजूला लांब पोलादी भुजा, तिच्या टोकाला कप्पी, तार-दोर आणि आकडा. मागच्या टोकाला उभा बाष्पक, म्हणजे बॉयलर. बॉयलर मागे ठेवण्यात मोठी हुशारी आहे : तो वाफ तर देतोच, पण त्याचे वजन भुजेच्या आणि ओझ्याच्या विरुद्ध बाजूला पडत असल्याने तोल सांभाळण्याचे कामही फुकटात करतो. दोन सिलिंडरांचे एक छोटे इंजिन दंतचक्रांच्या मदतीने चार कामे करते. ओझे उचलणे, भुजा वर-खाली करणे, सगळा मंच गोल फिरविणे आणि यारीला स्वतःच्या चाकांवर हळूहळू पुढे-मागे नेणे. दूरच्या प्रवासात मात्र तिला दुसरे इंजिन ओढते. त्या वेळी भुजा आडवी करून पुढच्या एका मोकळ्या सपाट वाघिणीवर टेकवलेली असते. भुजेचे टोक पुष्कळदा हंसाच्या मानेसारखे वाकडे असते. ते शोभेसाठी नव्हे, तर उचललेले इंजिन भुजेवर आपटू नये म्हणून.

आता या यंत्राचे मर्म पाहू. यारी किती वजन उचलू शकते, हा प्रश्नच अपुरा आहे. ती किती अंतरावरचे किती वजन उचलू शकते, असे विचारले पाहिजे. लहानपणी बागेतल्या सी-सॉवर बसलेल्या कोणालाही हे समजेल. समजा, यारीचे स्वतःचे वजन १०० टन आहे आणि ते बरोबर मध्यावर पडते. आपल्याकडच्या रुंदमापी रुळांतील अंतर १.६७६ मीटर, म्हणजे मध्यापासून एक रूळ सुमारे ८४ सेंटिमीटरवर. यारीने भुजा बाजूला वळवून मध्यापासून ६ मीटरवरचे ओझे उचलले तर ती त्या बाजूच्या रुळावर टेकून उलटू पाहणार. तिला सावरणारे बळ १०० टन गुणिले ०.८४ मीटर, म्हणजे ८४. उलटविणाऱ्या ओझ्याचा तरफेचा हात ६ उणे ०.८४, म्हणजे ५.१६ मीटर. भागाकार केला तर उत्तर येते जेमतेम १६ टन! शंभर टनांचे धूड, आणि एक साधा प्रवासी डबा, जो चाळीस टनांच्या आसपास भरतो, तोही त्याला बाजूने उचलता येऊ नये! आकडे मी सोयीसाठी धरले आहेत आणि मागच्या बॉयलरचा फायदाही हिशेबात घेतलेला नाही. पण अडचण कोठे आहे ते यावरून स्पष्ट व्हावे. अडचण आहे रुळांच्या अरुंदपणात.

यावर काढलेला उपाय म्हणजे यारीला पाय फुटले. खालच्या गाडीतून दोन्ही बाजूंना जाड पोलादी तुळया बाहेर ओढायच्या, त्यांच्या टोकाखाली लाकडी स्लीपरांची चळत रचायची आणि स्क्रूने ती घट्ट दाबायची. या तुळयांची टोके मध्यापासून अडीच मीटरवर टेकली असे धरले तर तोच हिशेब असा होतो : १०० गुणिले २.५ म्हणजे २५०; भागिले ३.५. उत्तर ७१ टन. यंत्र तेच, वजन तेच, नुसते पाय पसरल्याने ताकद चौपटीहून अधिक झाली. आमच्या खेड्यातला पहिलवानही शड्डू ठोकण्यापूर्वी पाय फाकवून उभा राहतो ते उगीच नव्हे.

पण हे पाय टेकणार कशावर? अपघात काही सपाट मैदान बघून होत नाही. कडेला भराव असतो, पावसाने भिजलेली माती असते, खडी विखुरलेली असते. म्हणून ब्रेकडाउनच्या कामातला निम्मा वेळ आणि निम्म्याहून अधिक शहाणपण लाकडी ठोकळे रचण्यात जाते. चळत एका बाजूने खचली तर वर लटकलेले ओझे यारीला घेऊन खाली येणार. वळणावर तर आणखी पंचाईत. तेथे बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवलेला असतो, त्यामुळे यारी आधीच आतल्या बाजूला कललेली असते. शिवाय मंच फिरविताना मागचा बॉयलर शेजारच्या मार्गावर येतो, म्हणून तोही मार्ग बंद ठेवावा लागतो. वर्तमानपत्रात 'दोन्ही मार्ग बंद' असे वाचून आपण चडफडतो, त्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. यारी जितकी बलवान तितकी जड, आणि जड यारी जुन्या पुलांवरून नेणे धोक्याचे. यावर रॅन्सम्स अँड रेपियरच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी १९०४ च्या सुमारास एक नामी तोड काढली. यारीच्या पुढे-मागे स्वतंत्र चाकगाड्या जोडायच्या आणि प्रवासात यारीचे काही वजन त्यांच्यावर सोपवायचे, म्हणजे तेच वजन अधिक आसांवर वाटले जाते. मुक्कामी पोचल्यावर त्या सोडवून बाजूला ठेवायच्या, म्हणजे कामाच्या वेळी यारी आखूड आणि सुटसुटीत. लग्नघरी पाहुण्यांचे सामान शेजाऱ्यांकडे वाटून ठेवावे तसा हा प्रकार. या स्टोक्ससाहेबांचे नाव पुढे जगभर गाजले, पण यारीमुळे नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, त्यांनी खंदकांतून डागण्याची उखळी तोफ बनविली. 'स्टोक्स मॉर्टर' ती हीच. १९१७ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. पडलेले उचलण्याची युक्ती शोधणाऱ्या माणसाला सन्मान मिळाला तो उभे पाडण्याच्या युक्तीबद्दल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यावर फार आश्चर्य करू नये.

यापुढचा इतिहास इंजिन आणि यारी यांच्या शर्यतीचा आहे. इंजिन जड झाले की यारी अपुरी पडे. मोठी यारी आली की थोड्याच वर्षांत आणखी मोठे इंजिन येई. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात १५ टनांची यारी मोठी समजत. १९०८ च्या सुमारास ३६ टनांची आली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बाँबहल्ल्यांच्या भीतीने सरकारने ४५ टनांच्या याऱ्या बनवून घेतल्या. १९६० च्या सुमारास ७५ टनांपर्यंत मजल गेली. अमेरिकेत इंजिने अगडबंब, बोगदे आणि पूल ऐसपैस. त्यामुळे तेथे पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच दीडशे टनांच्या याऱ्या होत्या आणि पुढे अडीचशे टनांच्याही झाल्या. इंग्लंडमधील याऱ्या लहान राहिल्या त्या कारागिरीत उणीव म्हणून नव्हे, तर तेथले पूल आणि बोगदे आधीच अरुंद बांधून ठेवले होते म्हणून. अवघड इंजिन उचलण्यासाठी मग दोन बाजूंनी दोन याऱ्या आणाव्या लागत. दोघींनी एकाच वेळी, एकाच गतीने उचलायचे. एकीने घाई केली की सगळा भार दुसरीवर. पालखीचे भोई जसे एका पावलाने चालतात, तसेच हे.

येथे माणसांकडे वळले पाहिजे. यंत्राबद्दल एवढे लिहिले, पण यंत्र हा या कथेचा अर्धाच भाग आहे.

रेल्वे वसाहतीत ज्यांचे बालपण गेले त्यांना भोंगा सांगावा लागणार नाही. अपघाताचा भोंगा निराळा असतो. किती लांब आवाज झाले यावरून अपघात यार्डातच आहे की बाहेरगावी, मुख्य मार्ग मोकळा आहे की बंद, हे समजते; शेवटी एक आखूड आवाज झाला तर वैद्यकीय गाडीही निघणार. ब्रेकडाउनच्या माणसाने जेवणाच्या ताटावरून उठायचे ते तेव्हा. अपघात-मदतगाडीने दिवसा अर्ध्या तासात आणि रात्री पाऊण तासात स्थानक सोडावे, असा आपल्या रेल्वेचा दंडक आहे. वैद्यकीय गाडीला त्याहून कमी वेळ. एवढ्या वेळात घरून निघून, कपडे बदलून, हजेरी देऊन गाडीत बसायचे. गाडीत अवजारांचा डबा, कामगारांचा डबा आणि स्वयंपाकाची सोय असते, कारण घटनास्थळी किती दिवस जातील याचा नेम नसतो. वाफेच्या काळात तर प्रवासातच यारीच्या बॉयलरखाली विस्तव पेटवून वाफ वाढवीत न्यावी लागे. पोचल्यावर दोन तास निखारे फुंकत बसायला सवड कोणाला?

या टोळीतल्या साध्या कामगाराला आपल्या रेल्वेत 'खलाशी' म्हणत आले आहेत. शब्द जहाजावरचा. दोर, कप्पी, गाठ आणि डोलकाठी यांचे ज्ञान ज्याला होते तो दर्यावर्दी. लोखंडी रस्ता आला तेव्हा जड ओझी हलविण्याच्या कामाबरोबर त्याचे नावही रुळांवर आले असावे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी रेल्वेच्या शब्दसंग्रहाकडे जरूर लक्ष द्यावे. तेथे अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी एकाच डब्यातून प्रवास करतात.

कामाचा एक नियम सगळ्या देशांत सारखा आहे : यारीच्या चालकाला इशारा द्यायचा तो एकाच माणसाने. वाफेच्या फुसफुशीत चालकाला आरडाओरडा ऐकू येत नाही, आणि भुजेच्या टोकाखाली काय चालले आहे ते त्याला पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून त्याला दिसेल अशा जागी प्रमुख उभा राहतो आणि केवळ हातांच्या खुणांनी बोलतो. घटनास्थळी साहेब जमलेले असतात, पोलीस असतात, पुढारी असतात; पण आकडा वर जायचा तो त्या एका हाताच्या खुणेने. मोठा अधिकारीही तेथे मध्ये बोलत नाही, निदान बोलू नये. पगाराच्या कागदावर त्या माणसाची जागा कोठे असते हे मात्र विचारू नका.

आता एक अपघात जरा तपशिलाने सांगतो, कारण यारी केव्हा चालवायची नाही हे त्यावरून कळते. ८ ऑक्टोबर १९५२ ची सकाळ. लंडनच्या वायव्येला हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकात ट्रिंगहून आलेली लोकल प्रवाशांनी भरून उभी होती. आठ वाजून एकोणीस मिनिटांनी पर्थहून रात्रभर धावत आलेली एक्स्प्रेस सिग्नल ओलांडून मागून तिच्यावर आदळली. मिनिटभरातच लंडनहून निघालेली, दोन इंजिने जोडलेली लिव्हरपूलची एक्स्प्रेस समोरून येऊन त्या ढिगाऱ्यात घुसली. ११२ माणसे गेली. चौकशीच्या अहवालात त्या ढिगाऱ्याचे माप नोंदवले आहे : ४५ यार्ड लांब, १८ यार्ड रुंद आणि ३० फूट उंच. म्हणजे सुमारे एक्केचाळीस मीटर लांबीच्या जागेत तीन मजली घराएवढ्या उंचीपर्यंत तेरा डबे कोंबले गेले होते. लाकूड, लोखंड, काच आणि माणसे.

अशा ढिगाऱ्यापाशी बलवान यारी येऊन उभी राहिली तरी तिला लगेच आकडा लावता येत नाही. वरचा एक डबा ओढला तर खालचा कोणीकडे सरकेल याचा भरवसा नसतो, आणि खाली कोणी जिवंत असेल तर तो सरकण्यानेच मरायचा. म्हणून प्रथम करवती, पहारी, धातू कापण्याची ज्योत आणि डॉक्टर, यारी नंतर. योगायोगाने जवळच असलेल्या अमेरिकन वायुदलाच्या वैद्यकीय पथकातील ॲबी स्वीटवाइन या परिचारिकेने तेथे केलेल्या कामाची आठवण इंग्लंडमध्ये अजून काढतात. जखमींच्या कपाळावर लिपस्टिकने खुणा करून कोणाला काय औषध दिले हे ती दर्शवीत होती. त्यानंतर याऱ्यांचे काम : आडव्या झालेल्या इंजिनांना साखळ्या घालून वेगळे करायचे, रुळावर आणता आले तर आणायचे, नाहीतर तुकडे करून न्यायचे. तीन एक्स्प्रेस इंजिनांपैकी एकच दुरुस्त होऊन पुन्हा धावले. बाकीची दोन मोडीत निघाली.

मार्ग उघडण्याची घाई आणि ढिगाऱ्यातला माणूस यांचे भांडण तेव्हाही होते आणि आजही आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली. १४० टनी याऱ्या आल्या, शेकडो कामगार राबले आणि सुमारे ५१ तासांनी त्या मार्गावरून पहिली गाडी गेली. काम म्हणून पाहिले तर हा पराक्रमच. पण त्याच अपघातातील २८ मृतदेहांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. रूळ मोकळा व्हायला दोन दिवस आणि या अठ्ठावीस जणांना चार महिने. यात यारीवाल्यांचा दोष नाही. त्यांना दिलेले काम त्यांनी वेळेत केले. वेळेचे कोष्टक फक्त त्यांच्याच कामाला होते, एवढेच.

यारीची एक मोठी गोम अशी की तिला स्वतःलाच रूळ लागतो. मोडलेला मार्ग दुरुस्त करायला येणारी ही बाई मोडलेल्या मार्गावरून येऊ शकत नाही. त्यामुळे अपघाताच्या दोन्ही टोकांकडून दोन याऱ्या बोलावतात आणि त्या आपल्यापुढचे साफ करीत, रूळ जोडीत एकमेकींकडे सरकतात. ४ डिसेंबर १९५७ रोजी लंडनमध्ये ल्यूइशॅम येथे धुक्यात झालेल्या टकरीत वरून जाणाऱ्या पुलाचा खांबच उडाला आणि पूल डब्यांवर कोसळला. ९० माणसे गेली. तेथे नुसते डबे उचलायचे नव्हते, आधी पुलाच्या तुळया हलवायच्या होत्या. त्याआधी, डिसेंबर १८७९ मध्ये, स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट पाण्यात पडला. नदीच्या तळाशी कोणती यारी जाणार? ते इंजिन नावा आणि साखळ्या लावून वर काढताना पुन्हा पुन्हा निसटले, अखेर निघाले आणि दुरुस्त होऊन १९१९ पर्यंत चालले. कामगारांनी त्याचे नाव ठेवले 'पाणबुड्या'. विनोदाची ही जात फक्त कष्टकऱ्यांनाच साधते.

आपल्याकडचे उदाहरण केरळातले. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे पुलावरून अष्टमुडी सरोवरात पडले. शंभरावर बळी गेले. डबे बाहेर काढण्यासाठी ज्यांची मदत घ्यावी लागली ते बेपूरकडील मापिळ्ळा खलाशी, म्हणजे लाकडी जहाजे बांधून ती पाण्यात लोटण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे लोक. त्यांची साधने म्हणजे हाताने फिरवायचा लाकडी रहाट, दोर, कप्प्या आणि तालावर म्हटलेली गाणी. वर ज्या 'खलाशी' शब्दाची गोष्ट सांगितली ती येथे वर्तुळ पुरे करते : शतकभर पोलादी यारीने त्याची जागा घेतली, आणि यारी पोचेना तेथे पुन्हा त्यालाच बोलावणे गेले.

अपघात रोज होत नाहीत, हे आपले भाग्य. मग बाकीच्या दिवसांत यारी काय करते? पुलाच्या जुन्या तुळया काढून नव्या बसविणे, सांधे बदलण्याचे जड भाग जागेवर ठेवणे, कारखान्यात बॉयलर उचलणे ही तिची नित्याची कामे. ती कामे रात्री, दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात होतात, म्हणून कोणाला दिसत नाहीत. पण या रिकामपणातच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे. वर्षाचे बहुतेक दिवस उभी असल्याने ती झिजत नाही. ब्रिटिश रेल्वेने १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने बंद केली, तरी वाफेच्या काही याऱ्या पुढे १९८० च्या दशकापर्यंत कामावर होत्या. ज्यांना उचलण्यासाठी त्या जन्मल्या, ती इंजिने केव्हाच भंगारात गेली होती.

आपल्या देशात या कथेचा मधला अध्याय बिहारमधील जमालपूर येथे लिहिला गेला. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील रेल्वे कारखान्याने १८९९ मध्ये 'लेडी कर्झन' हे वाफेचे इंजिन बांधले, १९६० च्या दशकात रेल्वेच्या याऱ्या बनवायला घेतल्या आणि पुढे गॉटवाल्ड या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञानाने डिझेल-हायड्रॉलिक पद्धतीच्या १४० टनी याऱ्या घडविल्या. आकडा १४० च का? डब्ल्यूडीएम-२ हे आपले एके काळचे सर्वपरिचित डिझेल इंजिन सुमारे ११३ टनांचे; डब्ल्यूएजी-९ हे विजेचे मालगाडीचे इंजिन १२३ टनांचे. त्यांच्याहून यारी वरचढ हवी.

महाराष्ट्रात या याऱ्यांची परीक्षा पाहतो तो घाट. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. अशा उतारावर यारी आधी घट्ट बांधून ठेवावी लागते. त्यात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पाय पसरायला जागा नाही. बोगद्यात तर भुजा उंचच करता येत नाही. तेथे पुन्हा जॅक आणि पहार यांचाच आश्रय. शिवाय विजेच्या तारा. भुजा उभारण्यापूर्वी वरचा प्रवाह बंद करून तारा बाजूला सारायच्या, काम संपल्यावर पुन्हा जोडायच्या. म्हणजे वाफेच्या काळात नसलेले एक संपूर्ण खाते आता यारीच्या आधी घटनास्थळी लागते. पावसाळ्यात दरड कोसळून मार्ग बंद झाला की आपल्याला दोन तासांचा उशीर दिसतो. भिजलेल्या स्लीपरांची चळत रचणारे हात दिसत नाहीत.

कारखान्यांचे पुढे काय झाले? इप्सविचची रॅन्सम्स अँड रेपियर १९८७ मध्ये बंद पडली; कार्लाइलचा कारखानाही त्याच दशकात मिटला. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी आपले 'मोठे आकडे' हळूहळू मोडीत काढले आणि ते काम सुरवंटपट्ट्यांवर चालणाऱ्या, बाजूला भुजा असलेल्या ट्रॅक्टरांच्या कंत्राटदारांकडे गेले. या ट्रॅक्टरांना रूळ लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा; यारीची जुनी गोम त्यांनी सोडविली. इंग्लंडमध्ये हौशी मंडळींनी चालविलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर वाफेच्या काही याऱ्या जपल्या आहेत. काही ठिकाणी त्या नुसत्या रंगवून ठेवलेल्या नाहीत, तर बॉयलर तपासून, विस्तव पेटवून त्यांच्याकडून कामही करून घेतात.

आपण इंजिने जपली. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. इंजिनांच्या जोडीला राजेरजवाड्यांचे डबे तेथे झळझळीत उभे आहेत आणि त्यांच्यापुढे छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची गर्दी असते. यारीला राजेशाही थाट नाही. ती काळी, ओबडधोबड आणि एका अशुभ कामाची धनीण. तिच्यावर कोणी माळ घालून फीत कापलेली नसते. पण भारमर्यादेचा जो पितळी तक्ता चालकाच्या डोळ्यांसमोर ठोकलेला असे, अमुक अंतरावर अमुक टन, पाय टेकले असता इतके आणि नसता इतके, तो तक्ता तरी भंगाराच्या भट्टीत जाण्यापूर्वी उतरवून ठेवावा. आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा काका रेल्वेत आहेत त्यांनी एखाद्या सुटीत ब्रेकडाउनच्या निवृत्त मिस्त्रीला गाठून त्याच्याकडून हातांच्या खुणा लिहून घ्याव्यात : उचल, सोड, भुजा वर, भुजा खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि दोन्ही हात आडवे पसरून, थांब.